फोन सापडला, मोटार नाही

अर्धा_सातारकर | रविवार, रात्री ९:४०

मे महिन्यात नऊ दिवसांच्या अंतरानं आमच्याकडे दोन चोऱ्या झाल्या. पहिली साताऱ्याच्या एसटी स्टँडवर. स्वारगेट गाडीत चढताना गर्दीत माझा फोन गेला. दोन वर्षं वापरलेला, काचेला तडा गेलेला, चौदा हजारांचा. दुसरी गावाकडे, विहिरीवर. साडेसात एचपीची पाणबुडी मोटार, तीनशे फूट केबल आणि स्टार्टर. गावाचं नाव लिहीत नाही, नाहीतर पोलीस ठाणं लगेच ओळखू येईल आणि बाबांना तिथे अजून जायचं आहे.

फोन परवा परत मिळाला. तक्रारीची पोच, बिल आणि आयएमईआय नंबर (हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक) घेऊन 'संचार साथी' या सरकारी साइटवर सीईआयआरमध्ये, म्हणजे चोरीच्या फोनच्या नोंदणीत, माहिती भरली होती. त्यामुळे फोन ब्लॉक झाला. पुढे कर्नाटकात कुणीतरी त्यात नवं सिम घातलं आणि ते कोणत्या नंबरचं आहे हे आपोआप पोलिसांना कळलं. पोलिसांनी त्या माणसाला फोन केला. "मी सेकंडहँड घेतलाय साहेब," म्हणत त्यानं निमूट कुरिअर केला. साताऱ्यातून कुणाला हलावंसुद्धा लागलं नाही. मनापासून कौतुक आहे.

मोटारीचा पंचनामा झाला. विहिरीच्या काठावर दोन पंच, कापलेल्या केबलचं टोक, "अज्ञात चोरट्याने लबाडीच्या इराद्याने" वगैरे. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली दाखल, म्हणजे चोरीचं जुनं ३७९. त्यानंतर शांतता. तपासी अंमलदार चांगला पोरगा आहे, पण त्यानं विचारलेला एकमेव प्रश्न असा: "कुणाचा नंबर संशयित आहे का?"

बाबा खात्यातूनच सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. १९८३ ला भरती झाले तेव्हा ठाण्यात एक फोन, एक बिनतारी संच आणि सायकली. ते विहिरीवर गेले, अर्धा तास गप्प फिरले आणि म्हणाले, "तिघं होते. मोटार वर ओढायला दोन लागतात, तिसरा गाडीपाशी. गाडी तीनचाकी. आणि एकाला ही विहीर माहीत होती, कारण स्टार्टरची पेटी कडब्यामागं आहे, ती अंधारात परक्याला घावत नाही." हे त्यांनी त्या पोराला सांगितलं. त्यानं लिहूनही घेतलं. पण डायरीत त्या माहितीचं पुढे काय करायचं, हे त्याला माहीत असावंसं वाटलं नाही.

बाबांच्या वेळी टॉवर लोकेशन नव्हतं, पण एसटीडी बूथवाला होता. धमकीचा फोन आला की बूथ शोधायचा आणि मालकाला विचारायचं, "नऊच्या सुमारास कोण येऊन गेलं?" तो माणसाच्या चपलेपासून सांगायचा. बाबा म्हणतात, आमचा सीडीआर (कॉलची नोंद) चहा प्यायचा आणि उधारीही मागायचा.

मला कळत नाहीये ते असं. तंत्रज्ञान वाढलं, गुन्हे उघडकीला येण्याची सोय वाढली, हे दिसतंच आहे. पण ज्या चोरीत फोन नाही, कॅमेरा नाही, बँक खातं नाही, ती चोरी आता मागच्यापेक्षाही मागे पडते आहे का? चौदा हजारांच्या फोनसाठी देशभराची यंत्रणा हलते आणि सत्तर हजारांच्या मोटारीसाठी कुणी भंगारवाल्याकडेही जात नाही, असं का?

खात्यातल्या किंवा कोर्टातल्या कुणी लिहिलं तर बरं होईल. बाबा शेजारी बसून वाचणार आहेत, त्यामुळे जपून :)

---

नाव_नको | रविवार, रात्री ११:१५

खात्यात आहे. जिल्हा सांगली की सातारा, ते सोडा.

साहेबांना (तुमच्या वडिलांना) नमस्कार. तीनचाकीचा अंदाज बरोबर असणार. पण आमची बाजू ऐका. माझ्याकडे आज सत्तावीस गुन्हे तपासावर आहेत. त्यात एक बेपत्ता मुलगी, दोन ऑनलाइन फसवणुका, एक अपघात ज्यात वाहन पळून गेलं. शिवाय बंदोबस्त आला की तपास बाजूला. अशा वेळी हात कुठे जातो? जिथे कागद मागवला की उत्तर येतं तिथे. सीडीआर मागवला की येतो. भंगारवाला काय देतो? चहा.

तांब्याच्या तारेवर नंबर नसतो हो. चोर त्याच रात्री वरचं प्लास्टिक जाळून टाकतो. सकाळी ती फक्त तांबं असते, किलोवर विकली जाते. समोर पोतं भरून तार दिसली तरी ती तुमच्याच केबलची हे कोर्टात सिद्ध कसं करायचं?

टॉवर लोकेशनबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. शहरात टॉवर जवळजवळ असतात, तिथे काही शे मीटरपर्यंत अंदाज येतो. माळावर एकेक टॉवर कित्येक किलोमीटर धरतो. घाटात तर विचारू नका, माणूस खाली आणि रेंज भलत्याच डोंगरावरची. लोकेशन म्हणजे घर क्रमांक नसतो. दरोडा घाटात पडला तर आम्ही त्या वेळचा टॉवरचा सगळा डंप, म्हणजे तिथे दिसलेल्या सगळ्या नंबरांची यादी, मागवतो, मग दुसऱ्या ठिकाणचा, आणि दोन्हीकडे सारखे येणारे नंबर काढतो. रात्रभर एक्सेलमध्ये डोळे फोडायचं काम असतं. त्यातून दरोडे उघडकीला आलेत. पण हल्ली सराईत चोर फोन घरी ठेवून येतात. काही तर बायकोला सांगतात, मी नसताना माझ्या फोनवर रील बघत बस. (हे खरं आहे. आरोपीनं स्वतः सांगितलंय.) आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं नेहमीच्या सीडीआरमध्ये दिसतच नाही.

अजून एक, जे बाहेर कुणाला माहीत नसतं. आयटी अॅक्टचं कलम लागलं की तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा, असं कलम ७८ सांगतं. ठाण्यात निरीक्षक एक. फसवणुका रोज. आता हिशोब तुम्हीच करा.

---

माणदेशी_मेंढका | सोमवार, सकाळी ६:०५

आमच्याकडं मेंढरं जात्यात. मेंढराला कुठला आलाय आयएमईआय.

आमचा आज्जा सांगायचा, पूर्वी चोरी झाली की माग काढायचे. पावलं बघत बघत गावाच्या शिवेपर्यंत जायाचं. माग शिव ओलांडून फुडं गेला की त्या गावच्या रखवालदाराच्या हवाली करायचा. मग त्यो माग फुडं न्हेणं ही त्या गावची जोखीम. माग जिथं थांबला त्या गावानं भरपाई द्यायाची. लई कडक रीत हुती.

आता काय, डांबरी झाली, माग उमटतच न्हाई. पिकअपमधनं तासात तालुका पार.

पर एक गोष्ट चांगली झालीया. ग्रामसुरक्षा यंत्रणा. ठरल्याल्या नंबरवर फोन केला की आपलाच आवाज रेकॉर्ड हुतो आन गावातल्या समद्यांच्या मोबाईलवर एकदम घंटी वाजती. गेल्या साली चोर आल्याचं असंच कळलं, दहा मिनिटांत पन्नास माणूस बॅटऱ्या घिऊन रस्त्यावर. चोर पळालं, पर मेंढरं टाकून पळालं. त्याच यंत्रणेवर एका गड्यानं ड्रोन आलं ड्रोन आलं म्हणून चार रात्री गाव जागवलं ती गोष्ट येगळी. आभाळातल्या इमानाचा दिवा हुता.

---

टवाळ_पाव्हणा | सोमवार, सकाळी ९:३०

क्रांतिसिंह नाना पाटील १९४२ ते १९४६ भूमिगत राहिले, याच दोन जिल्ह्यांत. गोरे सरकार हात चोळत बसलं. तेव्हा प्रतिसरकारवाले तारायंत्राच्या तारा तोडायचे, म्हणजे पोलिसांचं तंत्रज्ञानच कापून टाकायचे. आज कुंडलपासून वाळव्यापर्यंत जायचं म्हटलं तर वाटेतले कॅमेरे मोजा. भूमिगत व्हायला आधी पुतण्याला स्टेटस टाकू नको म्हणून सांगावं लागेल.

विषयांतराबद्दल क्षमस्व. चालू द्या.

---

मिरजेचा_काळा_कोट | सोमवार, दुपारी १:२०

कोर्टाची मधली सुट्टी आहे, घाईत लिहितो.

गुन्हा उघडकीला येणं आणि शाबीत होणं यांत फार अंतर आहे. सीसीटीव्हीत चोर स्पष्ट दिसतोय, गावभर व्हिडिओ फिरलाय, आणि आरोपी निर्दोष. का? कारण पुरावा हजर करायची रीत चुकली. जुन्या पुरावा कायद्यात ६५ ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. डीव्हीआरमधलं (कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणारं मशीन) चित्रीकरण पेन ड्राइव्हवर घेतलं तर सोबत प्रमाणपत्र लागतं. आता त्या नमुन्यात हॅश व्हॅल्यूही लिहायची असते. हॅश म्हणजे त्या फाइलचा अंगठाच समजा, एक कण बदलला तरी तो बदलतो. प्रमाणपत्र हवंच, हे सर्वोच्च न्यायालयानं ठामपणे सांगितलं ते २०२० साली, आणि प्रकरण आपल्याच राज्यातलं, जालन्याच्या निवडणुकीचं: अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज तीनच्या आत दाखल झाला की नंतर, हे निवडणूक अधिकाऱ्यांच्या कचेरीतल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं. त्या भांडणानं देशभरातल्या फौजदारी वकिलांना काम दिलं.

दुसरी गंमत डीव्हीआरच्या घड्याळाची. दुकानदारानं मशीन बसवल्यापासून वेळ कधी लावलेलीच नसते. माझ्या एका खटल्यात चित्रीकरणात घड्याळ ७ वाजून १० मिनिटं दाखवत होतं, फिर्याद आठच्या घटनेची. जप्ती पंचनाम्यात "डीव्हीआरची वेळ प्रत्यक्ष वेळेपेक्षा ५० मिनिटे मागे" एवढं एक वाक्य तपासी अंमलदारानं लिहिलं असतं तर मला उलटतपासणीत काही कामच उरलं नसतं. त्यानं ते लिहिलं नाही. माझा अशील सुटला. मी काय करणार, माझं कामच ते.

आणि हो, डीव्हीआर पंधरा-वीस-तीस दिवसांत जुन्यावर नवं लिहितो. महिन्यानं फुटेज मागायला जाणं म्हणजे श्राद्धाला औषध नेणं.

मूळ धागाकर्त्यासाठी: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपास कुठवर आलाय हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, मेसेजनं कळवलं तरी चालतं. मे महिन्यातली चोरी आहे ना? दिवस मोजा आणि लेखी विचारा. नाहीतर एक दिवस 'अ समरी' मंजूर झाल्याचं कळेल, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, फाइल बंद.

---

सई_विश्रामबाग | सोमवार, रात्री ८:५०

आमच्या आईचा अनुभव लिहिते. निवृत्त शिक्षिका, एकटी राहते. तिला व्हिडिओ कॉल आला, समोर खाकी कपड्यातला माणूस, मागे तिरंगा. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात, फोन ठेवायचा नाही, दार उघडायचं नाही. आई पाच तास खुर्चीत बसून होती. पाणी प्यायलासुद्धा त्याची परवानगी मागत होती. असा अटकेचा प्रकार कायद्यात नाही हे तिला माहीत होतं, तिनंच पेपरमध्ये वाचून मला सांगितलं होतं! तरीही.

चार लाख गेले. मी संध्याकाळी पोचले आणि आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावला. तिकडच्या मुलीनं काही सांत्वन वगैरे न करता थेट विचारलं: कोणत्या बँकेतून, किती वाजता, व्यवहार क्रमांक काय. तिची ती कोरडी घाई हीच आमच्या कामी आली. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाच खात्यांत पळत असतात, ते जिथे सापडतील तिथे बँक गोठवते. एक लाख ऐंशी हजार अडवले गेले आणि पुढे कोर्टाच्या आदेशानं परत मिळाले. बाकीचे एटीएममधून निघून गेले होते.

ज्याच्या खात्यात पहिला पैसा गेला तो कोण होता माहीत आहे? एक एकोणीस वर्षांचा मुलगा. दहा हजार रुपयांसाठी खातं आणि सिम भाड्यानं दिलं होतं. मुख्य माणसं कुठे बसलेली होती कुणास ठाऊक. पकडला गेला तो मुलगा. आई अजून मधूनच म्हणते, "त्याला शाळेत कुणी शिकवलं असेल गं?"

---

गलाईवाला | सोमवार, रात्री ११:४०

मूळ विट्याजवळचा, सध्या तमिळनाडूत. आमचा गलाईचा धंदा म्हणजे सोनं आटवून शुद्ध करून देणं. खानापूर-आटपाडीची माणसं देशभर या धंद्यात आहेत. कुठल्या तरी राज्यात चोरी झाली, चोरानं मारहाणीत नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी परक्या भाषेतले पोलीस दारात. "माल घेतलास, काढ." चोरीचा माल घेतल्याचं कलम डोक्यावर टांगलेलं. वडिलांच्या काळात अशा वेळी आपलंच सोनं देऊन सुटका करून घ्यायचे.

कॅमेऱ्यानं मला वाचवलं. त्या दिवशी त्या वेळी दुकानात कोण आलं, सगळं रेकॉर्ड दाखवलं. चोरानं सांगितलेल्या वेळेला दुकान बंद होतं. पथक चहा पिऊन गेलं. म्हणून मी कॅमेऱ्याला रोज सकाळी उदबत्ती ओवाळत नाही एवढंच.

पण तेच तंत्रज्ञान उलटतं कसं, तेही ऐका. गेल्या वर्षी एका गिऱ्हाईकानं यूपीआयनं साडेतीन हजार दिले. ते पैसे कुठल्या तरी फसवणुकीतून चौथ्या हातानं आलेले. माझं पूर्ण चालू खातं गोठलं, कामगारांचा पगार अडकला. ते सोडवायला तिसऱ्याच राज्यातल्या सायबर ठाण्याला दीड महिना मेल पाठवत होतो. सईताई, तुमच्या आईंचे पैसे ज्या बटणानं वाचले, त्याच बटणानं माझं खातं बंद पडलं. बटण हवंच. पण दाबणाऱ्यानं साडेतीन हजारच अडवावेत, सगळं दुकान कशाला?

---

जुनी_पानं | मंगळवार, सकाळी १०:१०

बोटांच्या ठशांची विद्या जगभर गेली ती आपल्याकडून, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पहिला अंगुलीमुद्रा विभाग १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झाला. पद्धत 'हेन्री' साहेबाच्या नावानं ओळखली जाते, पण वर्गीकरणाचं किचकट काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांनी केलं. त्याच सुमाराला जलपायगुडीच्या चहामळ्यात एका व्यवस्थापकाचा खून झाला. पंचांगावर रक्तानं माखलेल्या बोटाचा डाग होता, तो जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. न्यायालयानं काय करावं? त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनातून सोडलं. नुसत्या ठशावर फासावर कसं चढवायचं, असा तो पेच. वकीलसाहेब सांगतायत ते हॅश व्हॅल्यूचं भांडण त्याच घराण्यातलं आहे.

पण एक कडू गोष्टही. तेव्हाची नोंदवही कुणाच्या बोटांनी भरली? १८७१ च्या कायद्यानं ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, त्यांच्या. कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी झाली की पारध्यांच्या पालावर जायची खोड गेली का? आता ठसे संगणकात आहेत, देशभरचे एका ठिकाणी, सेकंदात जुळतात. ज्यांना वारंवार उचललं त्यांचेच ठसे जास्त, म्हणून जुळणीत तेच पुन्हा वर येणार. सहायक फौजदारसाहेबांच्या काळाबद्दल आदर ठेवूनच म्हणतो, खबरी आणि माहीतगारांवर चालणाऱ्या त्या तपासात किती जण विनाकारण मार खाऊन गेले, तेही त्यांना आठवत असेल.

---

अर्धा_सातारकर | मंगळवार, रात्री ९:०५

बाबांनी तुमचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिही, आठवतं." पुढे काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

---

मिरजेचा_काळा_कोट | मंगळवार, रात्री ९:४०

म्हणूनच ठाण्यातला कॅमेरा मला रस्त्यावरच्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपसकट, कॅमेरे लावायला आणि चित्रीकरण अठरा महिने जपायला सांगितलं. सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये कोठडीत एका तरुणाचा जीव गेला आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला गेला, ते आम्ही विसरलेलो नाही. चोराला बघायला लावलेला कॅमेरा चालू असतो आणि ठाण्यातला नेमका त्या रात्री बंद असतो, हे वाक्य मी कोर्टात किती वेळा ऐकलंय ते विचारू नका.

---

नाव_नको | मंगळवार, रात्री ११:५५

वकीलसाहेब, मान्य. आता झडतीचंही चित्रीकरण करावं लागतं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५. मोबाईलवर 'ई-साक्ष्य' अॅप उघडायचं आणि पंचांसमोर शूटिंग. पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या पंचानं कॅमेऱ्याकडे बघून केस विंचरले. पण खरं सांगू, याचा आम्हालाही फायदा आहे. पंच फुटला तरी व्हिडिओ फुटत नाही. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाले घटनास्थळी आलेच पाहिजेत, हेही चांगलं आहे. कलम ३०३ त्यात बसत नाही, तुमच्या विहिरीवर कुणी येणार नाही.

अर्धा_सातारकर, तुमचा धागा वाचून दोन दिवस डोक्यात घोळतंय. केबल विसरा. पण मोटार आहे ना? पाणबुडी मोटारीच्या अंगावर पाटी असते, तिच्यावर सीरियल नंबर असतो. दुकानाच्या बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर तोच असतो. चोर तांबं विकतो, पण मोटार चालू असेल तर ती पूर्ण विकतो, दुरुस्तीवाल्याकडे किंवा दुसऱ्याच्या विहिरीवर. फिर्यादीत तो नंबर आलाय का? बहुतेक नसेल, "जुनी वापरती मोटार" एवढंच लिहिलेलं असतं. नंबर असला तर परिसरातल्या रिवायंडिंगवाल्यांना व्हॉट्सअॅपवर टाकता येतो. आमच्या भागात असाच एक गुन्हा निघाला, आणि एकाकडून पुढे अकरा निघाले.

आणि साहेबांना विचारा, स्टार्टरची पेटी कडब्यामागे आहे हे माहीत असलेली माणसं किती? वायरमन, मागच्या हंगामातले ऊसतोडीचे टोळीवाले, पाइपलाइन खोदणारा. ही यादी कुठल्याच सर्व्हरवर नसते.

---

अर्धा_सातारकर | बुधवार, रात्री ८:३०

बिल सापडलं. देवघरातल्या ट्रंकेत, आईनं लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात ठेवलं होतं. मोटारीचा नंबर आहे त्यावर, शेवटचे दोन आकडे पुसट झालेत, पण वॉरंटी कार्डावर स्पष्ट आहेत. फिर्यादीत खरंच नव्हता.

यादीत सहा नावं झाली. पाच बाबांनी सांगितली, सहावं आईनं, आणि त्यावर बाबा म्हणाले, "हे माझ्या डोक्यात कसं नाही आलं?"

उद्या सकाळी दोघं जातोय पुरवणी जबाब द्यायला. बाबांनी आत्ताच शर्टाला इस्त्री केली.